कृषी सेवा केंद्राची उधारी: सहीची वही की संगणकातले खाते?

खत-बियाणे विक्रेता, परभणी जिल्हा

आमच्या दुकानात पक्के बिल संगणकावर निघते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नाही, खताला 5 टक्के आणि रासायनिक कीटकनाशकाला 18 टक्के, हा हिशेब हाताने करत बसण्याची माझीही इच्छा नाही. आता मात्र उधारीसुद्धा मोबाइलमधल्या ॲपमध्ये घेऊन वही कायमची बंद करावी, असा मुलाचा आग्रह आहे. त्याला माझा विरोध आहे. मृगात नेलेल्या मालाचे पैसे सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर येतात. पावसाने दगा दिला तर बाकी पुढच्या सुगीवर जाते आणि बघता बघता दोन-तीन वर्षे लांबते. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे 3 वर्षांची मुदत असते. परंतु 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य करून सही दिली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. वहीतल्या बाकीखालची सही मला म्हणूनच मोलाची वाटते. ॲपमध्ये आकडे मी एकटाच भरणार आणि समोरच्याला फक्त संदेश जाणार. तेवढ्यावरून त्याने बाकी मान्य केली, असे कोण धरेल?

कर सल्लागार, लातूर

सही हवी, हे बरोबर. त्यासाठी वहीच हवी, हे मला पटत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 28 प्रमाणे व्यवसायात नियमितपणे ठेवलेले हिशेब, मग ते कागदावरचे असोत की इलेक्ट्रॉनिक, पुराव्यात ग्राह्य आहेत. मात्र केवळ त्या नोंदींच्या आधारे कुणावर देणे लादता येत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे बिनसहीची वही आणि बिनसहीचे ॲप यांची किंमत सारखीच. खात्याचा उतारा छापून त्यावर तारखेसह सही घेतली, तर आपले काम होते.

माझा आक्षेप दोन ठिकाणी हिशेब ठेवण्याला आहे. बिल संगणकात निघते, उधारी वहीत चढते आणि शेतकऱ्याने फोनवरून पाठवलेली रक्कम थेट बँकेत जमा होते. सुगीच्या गर्दीत ती वहीत जमा करायची राहिली, की मार्चअखेर एकाच माणसाच्या नावावर तीन वेगवेगळ्या बाक्या दिसतात. त्यातली खरी कोणती, हे सांगणारा बहुधा एकटा दुकानदारच असतो, आणि त्यालाही आठवत नसते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. तोवर आठवण कुणाच्या कामी येणार?

संगणक दुरुस्ती व्यावसायिक, नांदेड

उधारी संगणकात घ्यावी, परंतु ॲपमध्ये घेऊ नये, असे माझे मत आहे. वर्गणी थांबली किंवा कंपनीने सेवा गुंडाळली, तर आपलेच खाते आपल्याला उघडता येईल याची हमी काय? दुकानातल्या संगणकावर रीतसर परवाना घेतलेले सॉफ्टवेअर असावे आणि रोज रात्री बॅकअप घ्यावा. बॅकअपचा पेनड्राइव्ह संगणकालाच लावून ठेवणारे दुकानदार मी कितीतरी पाहतो; विजेचा दाब वाढला तर दोन्ही एकदम जातात, आणि चोर आला तर तोही दोन्ही नेतो. एक प्रत घरी ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे मधूनमधून पाहावे. विंडोज 10 ला मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पासून सर्वसाधारणपणे थांबवली आहे, हेही जुन्या यंत्रांच्या मालकांनी ध्यानात घ्यावे.

बियाणे दुकान चालवणारी, जालना

दादा, जूनमध्ये दुकानापुढे रांग लागलेली असताना रोज रात्री हे सगळे कोण करणार? ऑनलाइन हिशेबाची प्रत निदान दुकानाबाहेर आपोआप राहते. आपली शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे: सगळी खाती एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पैसे भरण्याआधी तपासावे आणि दर महिन्याला तशी फाइल काढून ठेवावी. जे ॲप ते करू देत नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

उधारीत याहून मोठा गुंता नावाचा आहे. अनुदानित खत पॉस यंत्रावर आधार पडताळणीने दिले जाते, म्हणून पावती अंगठा देणाऱ्याच्या नावाने निघते. उधारी मात्र पुष्कळदा त्याच्या वडिलांच्या किंवा शेतमालकाच्या नावावर असते. माल कुणी नेला आणि देणे कुणाचे, हे दोन्ही लिहायला रकाना असेल असेच सॉफ्टवेअर निवडावे. ॲपमधून आपोआप जाणारी थकबाकीची स्मरणपत्रे मात्र पहिल्याच दिवशी बंद करावीत. ज्याचे पीक अजून वावरात उभे आहे, त्याला पहाटे मागणीचा संदेश गेला तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो.

खत-बियाणे विक्रेता, परभणी जिल्हा

स्मरणपत्रांबद्दल ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. छापील उताऱ्याची सूचना कागदावर चांगली दिसते. परंतु कर सल्लागारांनी एकदा मोंढ्यात बसून पाहावे. गावोगाव उतारे घेऊन सही मागत फिरलो, तर ‘आमच्यावर भरवसा राहिला नाही का’ हेच पहिले ऐकावे लागेल. वहीत ती सही बोलता बोलता होते.

कर सल्लागार, लातूर

गावोगाव फिरण्याची गरजच नाही. शेतकरी पैसे भरायला दुकानात येतो, त्याच वेळी जमा रक्कम आणि उरलेली बाकी एका पावतीवर छापून दोन प्रती काढाव्यात. एक त्याला द्यावी आणि दुसरीवर त्याची सही घेऊन आपण ठेवावी. मुदत कायद्याचे कलम 19 असेच आहे: मुदतीत काही रक्कम भरली आणि त्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तर भरण्याच्या तारखेपासून नवी मुदत मिळते. पैसे देताना पावतीवर सही मागितली, तर त्यात कुणाला अविश्वास वाटत नाही. वही ठेवायचीच असेल तर ठेवा. फक्त येत्या 1 एप्रिलला तिच्यातल्या सगळ्या बाक्या एकदा संगणकात उतरवा आणि त्यानंतरची नवी उधारी तिच्यात लिहू नका.