‘सेक्रेटरी, मिलिटरी डिपार्टमेंट’ : लष्करी अधिकारी की मुलकी?

अपशिंगेकर (सातारा):
गावातल्या जुन्या लष्करी पत्रांची यादी करतोय. 1891च्या पत्रावर ‘सेक्रेटरी, मिलिटरी डिपार्टमेंट’ म्हणून एका कर्नलची सही आहे, 1926ला ‘आर्मी सेक्रेटरी’ म्हणून आयसीएस (मुलकी सनदी सेवेतला) माणूस, 1940ला ‘डिफेन्स सेक्रेटरी’. पद एकच का? मूळ फाइल कुठे मिळेल?

माहुलीकर:
धागा एकच, पण खात्याचं नाव बदलत गेलं. 1776 साली ईस्ट इंडिया कंपनीने कोलकात्यात मिलिटरी डिपार्टमेंट काढलं ते लष्करी हुकूम नोंदवायला आणि माणसांची यादी ठेवायला. व्हाइसरॉय कर्झन आणि सरसेनापती किचनेर यांच्या भांडणानंतर 1906मध्ये त्याची दोन खाती झाली, आर्मी आणि मिलिटरी सप्लाय. दुसरं 1909मध्ये गुंडाळलं. आर्मी खातं खुद्द सरसेनापतीकडे राहिलं.

आता आयसीएस का, ते सांगतो. 1921पासून केंद्रीय विधानसभा भरू लागली. सरसेनापती बसत वरच्या सभागृहात, मग खालच्या सभागृहात लष्करावरच्या प्रश्नांना उत्तरं देणार कोण? ते काम आर्मी सेक्रेटरीकडे आलं. अर्नेस्ट बर्डन हे त्यातलं ठळक नाव, लष्करात हिंदी अधिकारी वाढवण्याबाबतच्या स्कीन समितीतही ते होते. जानेवारी 1938मध्ये आर्मी डिपार्टमेंटचं डिफेन्स डिपार्टमेंट झालं.

मिरजकर:
फाइल शोधताना आधी साल बघा. 1895च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्याची फौज वेगळी होती आणि मुंबई सरकारचं स्वतःचं मिलिटरी डिपार्टमेंट होतं. तुमचं 1891चं पत्र कुठून निघालंय ते वरच्या मथळ्यावर पाहा. मुंबई असेल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, नाहीतर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. दिल्लीच्या याद्या ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर चाळता येतात, पण 1938आधीच्या कागदांसाठी ‘डिफेन्स’ टाकलंत तर हाती काही लागणार नाही, ‘आर्मी’ किंवा ‘मिलिटरी’ टाका. जुलै 1942नंतर महायुद्धाच्या काळातल्या बऱ्याचशा लष्करी फाइली ‘वॉर डिपार्टमेंट’खाली असतात, इथे भलेभले फसतात. आणि ‘मिलिटरी सेक्रेटरी’ हे पद निराळं, तो व्हाइसरॉयच्या किंवा सरसेनापतीच्या पदरचा लष्करी अधिकारी.

कराडचा वाचक:
स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतले संरक्षण सचिव एच. एम. पटेल, तेही आयसीएसच. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना (1962-66) ही खुर्ची पी. व्ही. आर. राव यांच्याकडे होती. 2020पासून तिन्ही दलांचा कारभार लष्करी व्यवहार विभागाकडे गेला आणि त्याचे सचिव स्वतः सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे संरक्षण प्रमुख. भांडवली खरेदी मात्र संरक्षण सचिवांकडेच राहिली. थोडक्यात, सेक्रेटरीच्या खुर्चीत पुन्हा एक गणवेशधारी बसला.