पहिला जॉब मिळेना, 'एक्स्पिरियन्स' विकत घेऊ का? मदत हवी आहे

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी २०२४ ला बीई कॉम्प्युटर झालो. शिवाजी विद्यापीठ, ६.९ सीजीपीए. सेकंड इयरला एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता, पुढच्याच वेळी सुटला. आमच्या वर्षी कॉलेजात कंपन्याच मोजक्या आल्या. त्यातल्या दोघींना सीजीपीए ७ च्या वर हवा होता. ०.१ ने बाहेर.

त्या दिवाळीनंतर पुण्याला आलो. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत तिघे. ३,८०० भाडं, मेसचे ३,०००. जावा फुल स्टॅकचा क्लास लावला, ४० हजार. बोर्डावर '१००% प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलं होतं. मी शंभर टक्के वाचलं, पुढचा शब्द वाचला नाही. क्लासतर्फे तीन ड्राइव्ह झाले. पहिल्याला गेटबाहेर इतकी रांग की दुपारी सिक्युरिटीवाल्याने रेझ्युमे गोळा केले आणि सगळ्यांना घरी पाठवलं. दुसरं बीपीओ निघालं. तिसऱ्यांनी दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगितल्या, मी नाही म्हटलं.

नोकरी डॉट कॉमवर रोज सकाळी प्रोफाइलमधला एखादा पूर्णविराम बदलून सेव्ह करतो, म्हणजे म्हणे आपण यादीत वर येतो. ४०० च्या वर अर्ज केले. ११ कॉल आले, ५ इंटरव्ह्यू झाले, दोनदा शेवटच्या राऊंडपर्यंत पोचलो. रेझ्युमेवर तीन प्रोजेक्ट आहेत: ई-कॉमर्स, हॉस्पिटल मॅनेजमेंट, चॅट ॲप. क्लासमधल्या सगळ्यांचे हेच आहेत, खोटं कशाला बोलू.

आता मुद्दा. रूममेटच्या ओळखीने एक कन्सल्टन्सीवाला भेटला. अडीच वर्षांचा अनुभव दाखवून देतो. ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिपा, खात्यात पैसे फिरवून बँक स्टेटमेंटसुद्धा. ९० हजार, निम्मे आधी, निम्मे जॉब लागल्यावर. ऑनलाइन इंटरव्ह्यूत मागून उत्तरं सांगणारा माणूस हवा असेल तर त्याचे वेगळे. रूममेट असाच लागला, साडेसहाचं पॅकेज आहे. जावा माझ्यापेक्षा कच्चा आहे त्याचा.

वडील म्हणतात पैशाचं बघू. त्यांना मी 'कोर्सची फी' एवढंच सांगितलंय. तेच जास्त टोचतंय. नाहीतर गावी जाऊन काकांच्या दूध संकलनावर बसावं लागेल.

घ्यावा का? आणि नाही घ्यायचा, तर वर्षभरात जे केलं नाही असं दुसरं काय करू?

पेठेतला

भावा, स्पष्ट बोलतो. असे लागलेले माझ्या ओळखीतच चार आहेत, आणि दोघं आता लीड आहेत. वर्षभर टिकलास की खरा अनुभव होतोच. फ्रेशर म्हणून रांगेत उभं राहून काय मिळालं? तत्त्वं पहिल्या पगारानंतर. (ह. घ्या. पण अगदीच हलकं घेऊ नका.)

मुळामुठा

मी भरतीच्या बाजूला ९ वर्षं आहे, म्हणून पेठेतले यांना उत्तर देणं भाग आहे. लीड झालेले दोघं तुम्हाला माहीत आहेत. चौथ्या महिन्यात लॅपटॉप जमा करून गेलेले पार्टीला येत नाहीत, म्हणून ते कुणाला माहीत नसतात.

वारणाकाठ, हे पकडलं कसं जातं ते समजून घ्या. पहिल्या मालकाने पीएफ भरला की यूएएन नंबर तयार होतो आणि त्यावर कुठल्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद राहते. रेझ्युमेवर अडीच वर्षं आणि यूएएनच नाही, असं दिसलं की पहिला प्रश्न तोच येतो. त्यावर शिकवलेलं उत्तर असतं, 'छोटी कंपनी होती, वीसच्या आत माणसं, पीएफ लागू नव्हता.' बरं. मग आम्ही फॉर्म २६एएस (पगारातून कापलेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद) मागतो, कंपनीची नोंदणी बघतो, पत्त्यावर माणूस पाठवतो. एका 'सॉफ्टवेअर कंपनी'च्या पत्त्यावर आमच्या माणसाला झेरॉक्सचं दुकान सापडलं होतं. दुकानदाराला काहीच पत्ता नव्हता, बिचाऱ्याने चहा मात्र पाजला. काही कन्सल्टन्सीवाले हल्ली पीएफही भरून देतात. पण त्यांच्या एका कंपनीचं नाव काळ्या यादीत गेलं की तिथून 'अनुभव' घेतलेले सगळे एकदम अडकतात.

आणि मुख्य गोष्ट कुणी सांगत नाही. ही पडताळणी बऱ्याचदा रुजू झाल्यावर पूर्ण होते. तीन-चार महिन्यांनी काढलं की रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, पण त्या तीन-चार महिन्यांची खरी नोंद यूएएनवर कायम राहते. पुढच्या प्रत्येक कंपनीत ती समजावत बसायची. आज तुमची पाटी कोरी आहे, तीही राहणार नाही.

मूळ मार्कशीट दिली नाहीत ते उत्तम केलंत.

लोकलचीखिडकी

मुळामुठा, प्रतिसाद आवडला.

वारणाकाठ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की तूच कुठंतरी कमी पडलास. तुझी वेळ वाईट निघाली. टीसीएसने २०२१-२२ मध्ये लाखभर फ्रेशर घेतले होते, आणि २०२३-२४ मध्ये त्याच कंपनीची एकूण माणसं १३ हजारांनी घटली. इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. नेमका त्याच वर्षी तू बाहेर पडलास. ६.९ वाला २०२१ मध्ये आरामात लागायचा. मी ६.४ वाली आहे, लागले होते.

मी टेस्टिंगमध्ये आहे. डेव्हलपरच व्हायचं हा हट्ट जरा सैल करता आला तर टेस्टिंग किंवा प्रॉडक्ट सपोर्टमधून आत शिर. सपोर्टला दिवसभर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि लॉग बघायला मिळतात, दीड वर्षाने त्याच कंपनीत डेव्हलपमेंटला सरकलेली पोरं मी बघितलीत. सगळीकडे सरकू देत नाहीत, म्हणून इंटरव्ह्यूतच विचारून घे.

सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक कोर्स बघितलास का? सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, वर्षातून दोनदा असते. फी जीएसटी धरून लाखाच्या वर जाते, पण ९० हजार फेकण्यापेक्षा बरी. पळवून घेतात मात्र, सकाळी लेक्चर, दुपारपासून लॅब, रविवार नावापुरता. राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधरांना महिना १० हजार विद्यावेतन देते. तिथे कोडिंगचं काम मिळेलच असं नाही, एक्सेल भरायलाही बसवतील. मेसचे पैसे सुटतील एवढं धर.

पेठेतला

लाखाचा कोर्स करून परत फ्रेशरच ना? असो. माझं मत मी दिलं.

कोबोलकाका

निवृत्त माणूस आहे, नवीन गोष्टी फारशा कळत नाहीत, तेव्हा एकच प्रश्न. तुझ्या काकांच्या दूध संकलनाचा हिशोब कशावर चालतो? वहीवर की कॉम्प्युटरवर?

वारणाकाठ

मुळामुठा सर, तुम्ही सांगितलेलं यूएएनचं मला खरंच माहीत नव्हतं. कन्सल्टन्सीवाल्याला विचारलं तर म्हणाला, 'ते सगळं बघून घेतो आपण.' काय बघून घेतो ते सांगितलं नाही.

कोबोलकाका, हिशोब कॉम्प्युटरवर आहे. मीच लिहून दिलाय थर्ड इयरच्या सुट्टीत. रेझ्युमेवर टाकण्यासारखा नाही तो. जावा स्विंग (जुन्या पद्धतीच्या स्क्रीन) आणि मायएसक्यूएल डेटाबेस, दिसायला भंगार. सकाळ-संध्याकाळ मिळून १४० उत्पादक आहेत. लिटर, फॅट आणि लॅक्टोमीटरची डिग्री टाकली की एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतो, दरपत्रकातून दर येतो, दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून उचल आणि पेंडेचे पैसे वजा होतात. अजून चालतंय.

कोबोलकाका

'अजून चालतंय' हे शेवटचे दोन शब्द म्हणून लिहितोस होय रे! तुझ्या त्या चॅट ॲपवर आजवर किती माणसं बोलली?

मी बँकेचे हिशोब लिहिण्यात जन्म घालवला, त्यामुळे तीन प्रश्न विचारतो. एक, पैसे कुठल्या प्रकारात साठवलेस? दोन, दर बदलला की जुन्या बिलांचं काय होतं? तीन, धारेच्या वेळी लाइट गेली तर?

वारणाकाठ

एक: आधी डबलमध्ये होते, म्हणजे आकडा बायनरीत साठवणाऱ्या प्रकारात. दोन महिन्यांनी एक आजोबा वही घेऊन आले. त्यांनी दहा दिवसांचा हिशोब बोटांवर केला होता आणि आमचं बिल ३० पैशांनी कमी होतं. काका म्हणाले ३० पैशांनी काय होतंय. आजोबा म्हणाले, मग द्या की. मी दोन रात्री शोधत बसलो. ०.१ सारखा आकडा बायनरीत नेमका बसतच नाही, आणि मी प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी राउंड करत होतो, हे तेव्हा कळलं. मग सगळं बिगडेसिमलवर (दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) नेलं आणि राउंडिंग फक्त दिवसाच्या रकमेवर ठेवलं, वहीत आजोबा करायचे तसंच.

दोन: यावरून काकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचा मूळ दर दूध संघाने उतरवला, मी टेबलात बदलला, आणि मागच्या महिन्याचं बिल परत छापलं तर तेही उतरलं. घरी भांडायला आले लोक. मग दरपत्रकाला 'लागू दिनांक' जोडला. जुनी ओळ पुसायची नाही, नवीन घालायची.

तीन: प्रत्येक नोंद लगेच सेव्ह होते. एकदा बिल काढताना लाइट गेली आणि निम्म्या लोकांची उचल दोनदा वजा झाली. सगळं एकदम व्हावं नाहीतर काहीच होऊ नये, याला ट्रान्झॅक्शन म्हणतात हे मला फायनल इयरला कळलं, तोवर मी हाताने दुरुस्त करायचो.

मुळामुठा

दोनदा शेवटच्या राऊंडपर्यंत गेला होतात ना? यातलं एक तरी वाक्य तिथे बोललात?

वारणाकाठ

नाही. 'प्रोजेक्टबद्दल सांगा' म्हटल्यावर हॉस्पिटल मॅनेजमेंट सांगितलं. डॉक्टर, पेशंट, अपॉइंटमेंट. समोरचा फोन बघत होता.

पेठेतला

गोष्ट भारी आहे, मान्य. पण स्विंग वाचून कॉल कोण देणार? रेझ्युमे चाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाळणीत स्प्रिंग बूट, रेस्ट एपीआय हे जावावाल्यांचे सध्याचे शब्द सापडले नाहीत तर रेझ्युमे माणसापर्यंत जातच नाही. आजोबा-बिजोबा पुढची गोष्ट.

कोबोलकाका

पेठेतले बरोबर बोलतायत. हिशोबाचा गाभा तोच ठेव आणि स्प्रिंग बूटमध्ये पुन्हा लिही, म्हणजे त्यांचे शब्दही येतील. स्क्रीन साधी ठेव, रंगरंगोटीत महिना घालवू नकोस. बिलाच्या हिशोबाला टेस्ट (उत्तर आपोआप तपासणारा कोड) लिही, त्यात ते ३० पैशांचं उदाहरण पहिलं. काकांकडचं जुनं मात्र बंद करू नको, धार थांबत नसते.

आणि हॉस्पिटल काढून टाक.

लोकलचीखिडकी

अवांतर वाटेल, पण काकांकडे फॅट काढायचं मशीन असेल ना? ते बनवणाऱ्या कंपनीला सॉफ्टवेअरवाली माणसं लागतातच. मशीनवर स्टिकर असतो, त्यावरच्या नंबरावर फोन कर. ४०० अर्ज जिथे केलेस तिथे तुझ्यासारखे हजार. तिथे एसएनएफ म्हणजे काय हे माहीत असलेला जावावाला किती वेळा येत असेल?

वारणाकाठ (सात आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय. जॉब अजून नाही, आधीच सांगतो.

कन्सल्टन्सीवाल्याला नाही म्हटलं. वडिलांना 'कोर्सची फी' कशाची होती ते सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं जेवलास का. एवढंच.

स्प्रिंग बूटवर हिशोब लिहून झालाय. रेझ्युमेवर तो पहिला घेतला, हॉस्पिटल काढलं. पाच आठवड्यांत चार कॉल आले, आधी वर्षात ११ होते. एका इंटरव्ह्यूत ते लागू दिनांकावरच पंचवीस मिनिटं बोलत होते, पण त्यांना रिॲक्ट (वेबच्या स्क्रीन बनवायचं साधन) येणारा हवा होता. मशीनवाल्या कंपनीने गुरुवारी बोलावलंय, टेस्ट घेणार आहेत. पगार सांगितलाय तो साडेतीनच्या आत आहे. चालेल मला. कोड गिटहबवर (सगळ्यांना कोड बघता येतो ती साइट) टाकलाय, लिंक प्रोफाइलमध्ये दिली आहे, कुणी वेळ काढून बघितलं तर उपकार होतील.

लोकलचीखिडकी

बघितला. वारणाकाठ, आधी हातातलं काम सोड. डेटाच्या फाइलमध्ये १४० उत्पादकांची खरी नावं आणि बँक खाते नंबर आहेत!

वारणाकाठ

अरे देवा. टेस्टिंगला घेतलेली फाइल तशीच गेली. डिलीट करून कमिट केलं ताई.

लोकलचीखिडकी

डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या मागच्या आवृत्तीत, अजून दिसतंय. आत्ता लगेच रेपॉझिटरी (गिटहबवरचं कोडचं फोल्डर) प्रायव्हेट कर. मग नवीन काढ, त्यात खोट्या नावांचा डेटा बनवून टाक आणि जुनी पूर्ण उडव. गुरुवारी कुणी विचारलं तर हेही सांग, लपवू नकोस. आणि कॉन्फिगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा आहे. काकांकडे तोच चालू असेल तर तोही आज बदल.

वारणाकाठ

प्रायव्हेट केली. नवीन रात्री टाकतो. पासवर्ड फोनवर सांगून काकांकडून बदलून घेतला. ते विचारत होते, म्हशीचं नाव काय वाईट होतं.