प्रोग रॉकचे (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीची गाणी करणारं रॉक) ब्रेकथ्रू अल्बम कुठले? बँडनी तडजोड केली म्हणून विकले गेले, हे मला मान्य नाही

रूपक_सात:
परवा एका मित्राशी यावरून कडाक्याचं वाजलं. त्याचं म्हणणं असं की प्रोगवाले बँड मोठे झाले ते गाणी छोटी आणि सोपी केल्यावरच, पुरावा म्हणून त्याने येस या बँडचा 1983 चा '90125' आणि जेनेसिसचा 1986 चा 'इन्व्हिजिबल टच' पुढे केले. मला हे अजिबात पटत नाही. जे अल्बम खरे फुटले, म्हणजे ज्यांनी बँडला मोठं केलं, ते हट्टाचे होते.

रश या बँडचंच घ्या. 1975 चा 'केरेस ऑफ स्टील' इतका आपटला की त्या टूरला बँडवाले स्वतःच 'डाऊन द ट्यूब्ज' म्हणायचे, कंपनी मागे लागली होती की जरा रेडिओवर वाजेल असं काही द्या, आणि या तिघांनी काय केलं तर 1976 ला '2112' काढला ज्याच्या रेकॉर्डची पहिली अख्खी बाजू म्हणजे एकच 20 मिनिटांची गोष्ट! तो अल्बम चालला आणि त्यानंतर कंपनीने त्यांच्या कामात नाक खुपसणं बंद केलं.

आणि पिंक फ्लॉइडचा 'डार्क साईड ऑफ द मून', 1973. त्यातल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याचा आवाज, हे सगळं टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापून जोडलेलं आहे, सात ठोक्यांचं एक आवर्तन. मी तबला शिकलोय, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप सात मात्रांचा रूपक ताल मोजायला लागला. गिटारचा सोलो येतो तेव्हा ते चारात जातात आणि मग परत सातावर येतात, ती परत येण्याची जागा ऐकून अजून काटा येतो अंगावर. सातातलं गाणं अमेरिकेत 13 नंबरला गेलं आणि अल्बम 1973 ते 1988 मध्ये 741 आठवडे चार्टवर होता. यात तडजोड कुठाय?

साईड_बी:
हट्ट होता हे मान्य, पण दार कोणी उघडलं ते तू सांगतच नाहीयेस. येसचा 'फ्रॅजाईल' अमेरिकेत 4 नंबरला गेला तो 'राउंडअबाउट'मुळे, आणि सिंगल म्हणून साडेआठ मिनिटांचं 'राउंडअबाउट' निघालंच नाही, कापून साडेतीन मिनिटांचं केलेलं निघालं. 'मनी'पण अमेरिकेत सिंगल म्हणून (अल्बमपासून वेगळी, एका गाण्याची रेकॉर्ड) काढलं, ब्रिटनमध्ये नाही काढलं. म्हणजे गाणं कात्रीखाली गेलं किंवा वेगळं काढून विकलं तेव्हाच गिऱ्हाईक आलं. मी 'फ्रॅजाईल'वर जीव टाकते पण खरं ते खरं.

रूपक_सात:
अगं पण कापलेल्या गाण्यावरून लोक दुकानात गेले आणि घरी काय आणलं? पूर्ण साडेआठ मिनिटं! तो उलटा फिरवलेला पियानोचा सूर लांबून फुगत फुगत येतो आणि एकदम थांबतो आणि मग स्टीव्ह हाउची गिटार एकटी, हे सगळं आलं ना घरी. कात्री सिंगलला लागली, अल्बमला नाही लागली.

ड्रमकिट:
रशबद्दल थोडं दुरुस्त करतो. '2112' बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेच्या चार्टवर, 61 च्या वर गेलाच नाही. त्याने बँड वाचला, पण वाचणं वेगळं आणि फुटणं वेगळं. ब्रेकथ्रू म्हणायचा तर 1981 चा 'मूव्हिंग पिक्चर्स', 3 नंबर. त्यातलं 'टॉम सॉयर' साडेचार मिनिटांचं आहे आणि तेवढ्यात रशचा ड्रमर नील पर्टने जे भरलंय ते वाजवायला मला दोन वर्षं लागली, त्यामुळे छोटं म्हणजे सोपं असं कृपया कोणी समजू नका. तुझ्या मित्राची तीच चूक आहे आणि तुझीपण.

लेस्टरकर:
तुम्ही सगळे अमेरिकेचाच चार्ट धरून बसलाय. मी इथे इंग्लंडात बरीच वर्षं आहे, इथला हिशोब वेगळा होता. जेथ्रो टलचा 'स्टँड अप' 1969 लाच 1 नंबर. फ्लॉइडचा 'अ‍ॅटम हार्ट मदर' 1970 ला 1 नंबर, आणि कव्हरवर काय तर गाय, बँडचं नावसुद्धा नाही. 'डार्क साईड' मात्र इथे 2 वरच थांबला. 1971 ला इमर्सन लेक अँड पामरचा 'टार्कस', एक बाजूभर एकच तुकडा, तोही 1 नंबर. म्हणजे इथे लोक लांबलचक गाणी आनंदाने विकत घेत होते.

पण माझ्या मते या वादातला सगळ्यात महत्त्वाचा अल्बम मरिलियनचा 1985 चा 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड'. गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि त्याच सलग धाग्यातून 'केली' उचलून सिंगल काढलं तर ते 2 नंबरला आणि अल्बम 1 ला. ज्यांनी 'केली' ऐकून अल्बम घेतला त्यांना ते गाणं पुढच्यात कसं विरघळतं हे पहिल्यांदा कळलं असेल. हट्ट आणि सिंगल दोन्ही एकाच ठिकाणी आहेत की.

काळाघोडा_कॅसेट:
'इन्व्हिजिबल टच'ला इतकं टाकून बोलू नका प्लीज, मला राहवत नाहीये. 1988 ला मुंबईच्या रिदम हाउस या दुकानातून ती कॅसेट घेतली, माझ्या पैशाने घेतलेली पहिली इंग्रजी कॅसेट. अमेरिकेत त्यातली पाच गाणी टॉप फाइव्हमध्ये गेली, ठीक आहे, पण त्याच कॅसेटवर 'डोमिनो' आहे, दोन भागात, दहा मिनिटांच्या वर! मी बारावीच्या अभ्यासाला बसायचो आणि 'डोमिनो' लागलं की पुस्तक मिटायचो. तिथून मागे मागे जात जेनेसिसच्याच 1973 च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'पर्यंत पोचलो. हिट गाणी नसती तर ती कॅसेट माझ्या हातात आलीच नसती आणि आधीचा गायक पीटर गॅब्रिएल असतानाचं जेनेसिस कधी कळलंच नसतं.

साईड_बी:
हेच मी म्हणत होते.

रूपक_सात:
'डोमिनो'चा मुद्दा मला माहीतच नव्हता, कारण मी तो अल्बम पाच मिनिटं ऐकून बंद केला होता. आज रात्री पूर्ण ऐकतो. पण '90125' बद्दल अजून माझं मत तेच आहे, तो 'फ्रॅजाईल'वाल्या येसचा ब्रेकथ्रू नाही, गिटारवाला ट्रेव्हर रेबिन आल्यावर तो वेगळाच बँड झाला होता.

ड्रमकिट:
'90125' वर बेस ख्रिस स्क्वायरचाच आहे आणि ड्रम अ‍ॅलन व्हाइटचे. त्यातल्या 'चेंजेस' गाण्याच्या सुरुवातीचे ठोके मोज आणि मग सांग वेगळा बँड आहे का.