‘फर्मवेअर’ला आपल्याकडं काय म्हणावं? – घुटी, गोंदण आणि ‘सॉफ्टवेअर मारणे’

सेवाकेंद्रवाला, देवळीकडचा:

मंडळी, ‘फर्मवेअर’ला, म्हणजे यंत्रातल्या चिपा ज्यावर चालतात त्या आतल्या प्रोग्रामला, शब्द सुचवा. कोशातला नको, आमच्या गावात तोंडी बसेल असा पाहिजे. कारण सांगतो.

केंद्रावरचा लॅपटॉप जुना आहे. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात तो रुसला. तालुक्याच्या गावातल्या एका पोराकडं नेला, त्यानं ‘नवीन मारून देतो’ म्हणत डेबियन 11 (लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजच्या जागी चालतो) मारून दिलं. आणून लावतो तर वाय-फाय दिसेचना. फोन केला तर म्हणे, ‘काकाजी, ड्रायव्हर उडाला असंल.’ ड्रायव्हर म्हणजे वाय-फायसारखा एकेक भाग कॉम्प्युटरकडून चालवून घेणारा प्रोग्राम. झालं, दीड दिवस मी तो शोधत बसलो. बाहेर ओसरीवर माणसं सातबारा अन् पासबुक मांडीवर घेऊन बसलेली. ड्रायव्हर मात्र जागेवरच होता! ‘डीमेसेज’ची आज्ञा दिली की कर्नलनं, म्हणजे सगळं मशीन सांभाळणाऱ्या मूळ प्रोग्रामनं, स्वतःपाशी टिपलेल्या नोंदी दिसतात. तिथं एक ओळ लखलखीत होती: फर्मवेअरची फाइल मागितली, मिळाली नाही, एरर उणे 2. लिनक्समध्ये उणे 2 म्हणजे ‘अशी फाइलच नाही’. डेबियननं या फाइली नेहमीच्या इन्स्टॉलरसोबत द्यायला सुरुवात केली ती 12व्या आवृत्तीत, 2023 साली. 11मध्ये त्या वेगळ्या आणाव्या लागत. मोबाईलवर फाइल उतरवली, केबलनं आत घेतली, फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवली, मशीन बंद करून चालू केलं. पाच मिनिटांचं काम.

दीड दिवस गेला तो एका शब्दापायी. ‘ड्रायव्हर’ या एकाच पोत्यात आपण सगळं भरतो.

जुना लाइनमन, आर्वी:

शब्द बदलता काऊन? फर्म म्हणजे अडत्याची फर्म. फर्मवाल्यानं जे आत घालून देलं अन् आपल्याले उघडून पाहू देत नाही, ते फर्मवेअर. बरोबरच तं आहे.

निवृत्त गुरुजी, दर्यापूर:

लाइनमनसाहेब, हसलो, पण तुमची व्युत्पत्ती मूळ व्युत्पत्तीपेक्षा खरी आहे. मूळ शब्द संगणकतज्ज्ञ अॅशर ऑप्लर यांनी 1967 साली वापरला. हार्ड आणि सॉफ्ट यांच्या मधलं काहीतरी, म्हणून ‘फर्म’. टणकही नाही, मऊही नाही.

‘कर्नल’चं सांगतो. इंग्रजीत तो मुळात धान्याचा दाणा, कवचाच्या आतला गर. म्हणून त्याच्या जोडीला ‘शेल’, म्हणजे टरफल. भुईमुगाची शेंग डोळ्यापुढं आणा, दोन्ही शब्द एकदम कळतात. मराठीत ‘गाभा’ चालतो आणि तो रुळलाही आहे. गाभा, गाभण, गाभारा ही सगळी ‘गर्भ’ची लेकरं. फर्मवेअरला मी ‘दृढप्रणाली’ सुचवतो.

पऱ्हाटीवाला:

गुरुजी, ‘माह्या पंपाची दृढप्रणाली बिघडली’ असं म्हटलं तं लोक मले दवाखान्यात नेतीन.

पुसदचं माहेर, पुण्यात नोकरी:

गुरुजींच्या ‘गाभाऱ्या’ला धरून बोलते, कारण माझं पोट याच कामावर आहे. आपण वापरतो ते प्रोग्राम सभामंडपात. ते पडले, भांडले, तरी देवळाला काही होत नाही. ड्रायव्हर मात्र सोवळं नेसून गाभाऱ्यात वावरतो. तिथं त्याचा पाय घसरला की अख्खं देऊळ बंद. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष फाइलीनं सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळी पडली, जगभर विमानं खोळंबली. फाइल साधी माहितीचीच होती, पण ती वाचणारा ड्रायव्हर गाभाऱ्यात बसला होता. कितीतरी ठिकाणी प्रत्येक मशीनपुढं माणूस बसवून ती फाइल हातानं काढावी लागली.

आणि लिनक्सच्या कर्नलमधला अर्ध्याहून जास्त कोड ड्रायव्हरांचाच आहे. म्हणजे गाभाऱ्यात देव एक, पुजारी हजार.

पऱ्हाटीवाला:

‘मारणे’वर कोणी बोलूनच नाही राह्यलं. विंडोज मारली, लिनक्स मारलं, मोबाईलमंदी सॉफ्टवेअर मारलं. दुकानदार ज्याले सॉफ्टवेअर मारणं म्हणते, ते फर्मवेअर मारणंच असते ना? हे मारणं कोणतं? आम्ही बोंडअळीसाठी फवारा मारतो, त्यातलं वाटते मले. फवारा मारला की शेतकऱ्याले वाटते काम झालं. अळी मेली का नाही, ते कोणी पाह्यत नाही.

निवृत्त गुरुजी, दर्यापूर:

फवाऱ्यापेक्षा ‘शिक्का मारणे’, ‘बूच मारणे’, ‘रंग मारणे’ जवळचे वाटतात. एकदा दाबून बसवायचं आणि मोकळं व्हायचं. पण तुमची तक्रार रास्त आहे. ‘मारणे’त पुढची देखभाल नाही. ‘निगा’ शब्द बघा, फारसीतल्या ‘निगाह’वरून आला, म्हणजे नजर. निगा राखणं म्हणजे नजर ठेवणं. मारून मोकळं होणाऱ्याला नजर ठेवायची नसते.

दोन लेकरांची आई, हिंगणघाट:

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण वरचं वाचून एक सुचलं. ‘घुटी’ म्हणता येईल का? लेकरू हुशार निघालं की आपण म्हणतोच, ‘याला घुटीतच मिळालं.’ मशीनलाही कंपनीनं जन्मतः पाजलेलं असतं ना?

सेवाकेंद्रवाला, देवळीकडचा:

ताई, शब्द गोड आहे. पण घुटी लहानपणी पाजली की संपलं. माझ्या लॅपटॉपला तर फाइल नंतर आणून द्यावी लागली.

दोन लेकरांची आई, हिंगणघाट:

दादा, तुम्ही कधी घुटी दिली नाही, दिसतंच आहे. ती एकदा द्यायची नसते, रोज द्यायची असते. सकाळी सहाण धुवायची, त्यावर थोडं दूध, मग वेखंडाचा एक वेढा, जायफळाचे दोन, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा. प्रत्येकाचे वेढे मोजून. आज दिली म्हणून उद्या चालत नाही. उद्या पुन्हा सहाण धुवायची.

पुसदचं माहेर, पुण्यात नोकरी:

ताई, तुम्ही नकळत नेमकं सांगितलंत! बऱ्याचशा वाय-फाय चिपांना स्वतःची कायमची स्मृतीच नसते. वीज गेली की चिप कोरी. मशीन चालू झालं की ड्रायव्हर उठतो, डिस्कवरची फर्मवेअरची फाइल उचलतो आणि चिपला पाजतो. प्रत्येक वेळी, नव्यानं. देवळीच्या दादांच्या लॅपटॉपात आई हजर होती, सहाण हजर होती, फक्त मुळ्यांची पुडी घरात नव्हती. ‘ड्रायव्हर उडाला’ म्हणणं म्हणजे पुडी नाही म्हणून आईलाच शोधायला जाणं.

पण सगळं फर्मवेअर घुटी नाही. पंपाचा कंट्रोलर, राऊटर, लॅपटॉपचं बायॉस (चालू करताच सगळ्यांत आधी जागं होतं ते) यांच्यात ते आतल्या फ्लॅश चिपवर लिहिलेलं असतं, वीज गेली तरी राहतं. त्याला ‘गोंदण’ म्हणू या का?

निवृत्त गुरुजी, दर्यापूर:

गोंदण पुसत नाही. फ्लॅशवरचं बदलता येतं ना?

पुसदचं माहेर, पुण्यात नोकरी:

येतं, पण पाटीवरच्या अक्षरासारखं नाही. फ्लॅशमध्ये जुन्यावर नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळाच्या ठोकळा साफ करायचा, मगच नवं लिहायचं.

पऱ्हाटीवाला:

मंग ती उलंगवाडी झाली! आधी पऱ्हाटी मुळासकट काढा, रान मोकळं करा, मंग पेरा. उभ्या पऱ्हाटीत गहू पेरता येत नाही. अन् आता मले समजलं आमच्या भाऊबंदाच्या सौरपंपाचं काय झालं. कंपनीचा माणूस दिवस कलता आला, म्हणे अपडेट करतो. लॅपटॉप जोडला, टक्के चढून राह्यले, इकडं दिवस बुडून राह्यला. पॅनेलचंच करंट, दुसरं आहे काय? चाळिशीत गेलं अन् कंट्रोलरची बत्ती विझली. सकाळी ऊन पडलं तरी मुका तो मुकाच. उलंगवाडी झाली होती, पेरणी नव्हती झाली. नवीन कार्ड याले अठरा दिवस लागले, चणा तहानला.

त्याले मुका म्हणावं का डेड? गावात तं ‘डब्बा झाला’ म्हणतात.

पुसदचं माहेर, पुण्यात नोकरी:

‘डब्बा झाला’ पक्का शब्द, त्याला हात लावू नका. बऱ्या कंट्रोलरात यावर उपाय असतो. फर्मवेअरला दोन जागा ठेवतात. नवं दुसऱ्या जागेत लिहायचं, नीट उतरलं का ते तपासायचं, मगच तिकडून सुरू व्हायचं. फसलं तर जुनं शाबूत.

पऱ्हाटीवाला:

म्हणजे दुबार पेरणीचं बियाणं घरात ठेवणं. एवढं साधं कंपनीले कळत नाही का? का दोन रुपयाची चिप वाचवून राह्यले?

पुसदचं माहेर, पुण्यात नोकरी:

दोन रुपयांत नाही होत, पण रोख बरोबर आहे.

सेवाकेंद्रवाला, देवळीकडचा:

मूळ प्रश्नात ‘निगा राखणाऱ्या’चा शब्द राहूनच गेला. कर्नलच्या कोडसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक यादी असते, कोणता भाग कोण सांभाळतो त्याची. प्रत्येकापुढं स्थिती लिहिलेली. मी ती सातबाऱ्यासारखी वाचली. ‘सपोर्टेड’ म्हणजे पैसे घेऊन कोणीतरी बघतो: सालदार ठेवलेलं शेत. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी खरोखर बघतो: खुद्द. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे नावाला मालक आहे, सवड झाली की येऊन एखादं तास मारून जातो. असे शेतमालक आपल्या गावात किती, मोजू नका. आणि ‘ऑर्फन’.

निवृत्त गुरुजी, दर्यापूर:

‘ऑर्फन’ला ‘अनाथ’ नको. पडीत. सातबाऱ्यावर तोच शब्द आहे. पडीत शेत उद्या कोणीही वाहू शकतो, ही आशा ‘अनाथ’मध्ये येत नाही.

सेवाकेंद्रवाला, देवळीकडचा:

मान्य. यादीतही तोच सूर आहे: सध्या कोणी नाही, तुम्ही घेता का? जुना प्रिंटर किंवा बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र विकत घेताना त्याचा ड्रायव्हर पडीत तर नाही ना, हे आता मी आधी पाहतो. यंत्र ठणठणीत असतं आणि ड्रायव्हर पडीत पडल्यामुळं भंगारात जातं. लोक म्हणतात यंत्रच खराब.

जुना लाइनमन, आर्वी:

एक शब्द माह्याकडून. कंट्रोलरमंदी ‘वॉचडॉग’ असते. कोणी ‘राखण्या कुत्रा’ लिहिलेलं पाह्यलं मी. चूक आहे. कुत्रं आवाज आला की भुंकते. वॉचडॉगचं उलटं असते, त्याले आवाज नाही आला की तो उठते. प्रोग्रामनं ठरल्या वेळाच्या आत ‘आहो, आहो’ म्हणत राह्याचं. म्हटलं नाही तं तो समजते का हा अडकला, अन् मशीन बंद करून पुन्हा चालू करते.

आपल्या जागलीत हेच असते. रातच्याले डुकरं अन् रोही येते म्हणून चारपाच वावरातले लोक मचाणीवर. थोड्या थोड्या वेळानं एकजण आरोळी देते, बाजूचा परत देते. परतून आरोळी नाही आली तं बॅटरी घेऊन पाह्याले जा लागते. झोपला का सापानं धरला? म्हणून त्याले ‘जागल्या’ म्हणा.

पुसदचं माहेर, पुण्यात नोकरी:

काकाजी, उद्याच्या मीटिंगमध्ये वापरते. पुणेकर विचारतील मचाण म्हणजे काय.

सेवाकेंद्रवाला, देवळीकडचा:

माझ्यापुरतं ठरलं. चालू करताना पाजायचं ते घुटी. आतमध्ये लिहिलेल्याचं अजून जुळलं नाही, तोवर गुरुजींची हरकत लक्षात ठेवून गोंदण. लॅपटॉपच्या झाकणावर चिठ्ठीही चिकटवली: ‘वाय-फायची घुटी लाल पेनड्राइव्हमध्ये, वरचा कप्पा.’ आज दाखला न्यायला आलेल्या एका काकूंनी ती वाचली आणि विचारलं, ‘काहो भाऊ, किती महिन्याचं आहे?’