मदत हवी आहे: काल्पनिक साम्राज्याच्या नकाशाचं प्रमाण आणि प्रवासाचे दिवस काही केल्या जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी,

आतापर्यंत वाचनमात्र होते, पण आता पाणी नाकापर्यंत आलंय म्हणून धागा काढतेय.

एक कादंबरी लिहितेय. जग पूर्ण काल्पनिक आहे पण जादूबिदू काही नाही, घोडे, बैल, होड्या आणि पायी चालणारी माणसं एवढंच. चौदा प्रकरणं लिहून झाल्यावर मला सुचलं की नकाशा काढावा (आधी काढायला हवा होता हे कळलंय, त्यावरून कृपया शाळा घेऊ नका). ए-थ्री कागद घेतला, ४२ बाय २९.७ सेंमी, डोंगर नद्या किल्ले बंदरं सगळं काढलं, दोन रविवार त्यातच गेले, आणि कोपऱ्यात १ सेंमी = ५० किमी असं लिहून टाकलं. का, तर ५० आकडा बरा वाटला.

मग सहज म्हणून शिवणाचा दोरा घेतला आणि राजधानीपासून निशाणगडापर्यंत (हा माझा सरहद्दीवरचा किल्ला) रस्त्याच्या वळणावळणाने टाचण्या लावत ठेवत गेले. पट्टीने सरळ मोजलं तेव्हा १८ सेंमी होतं, दोरा सोडवून ताणला तर २४ भरला! म्हणजे १२०० किमी. आणि मी लिहून काय ठेवलंय, तर प्रकरण ३ मध्ये जासूद हे अंतर ४ दिवसांत कापतो, प्रकरण ९ मध्ये २०,००० ची फौज ६ दिवसांत पोचते, आणि नायिका सात वर्षांच्या पोराला घेऊन लपतछपत पायी ८ दिवसांत. पोरगं फौजेच्या दोनच दिवस मागे. ऑलिंपिकला पाठवायला हवं त्याला.

मग म्हटलं प्रमाणच बदलू, आपलाच नकाशा आहे. १ सेंमी = १० किमी केलं तर रस्ता २४० किमी होतो आणि दिवस बऱ्यापैकी बसतात, पण अख्खा कागद ४२० बाय २९७ किमी, म्हणजे सव्वा लाख चौरस किमीच्या आत, आजच्या ग्रीसपेक्षाही लहान. आणि पहिल्याच पानावर मी लिहिलंय की उत्तरेला बर्फ, दक्षिणेला घनदाट जंगल, मध्ये वाळवंट आणि अठरा भाषा. ५० वर ठेवलं तर ३१ लाख चौरस किमी, साम्राज्य शोभतं पण माणसं पोचत नाहीत.

तर प्रमाण आधी ठरवायचं की प्रवासाचे दिवस? तुमच्यापैकी कुणी हे निस्तरलंय का?

---

वाटसरू:

फौजेचं सांगतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

२०,००० माणसं चौघाचौघांच्या रांगेत चालवा, ५००० रांगा झाल्या, प्रत्येक रांगेला दोन मीटर धरा, दहा किलोमीटर लांब शेपूट. ताशी ४ किमीने पुढचा माणूस निघाल्यावर शेवटचा अडीच तासांनी पहिलं पाऊल टाकणार, आणि यात अजून गाड्या नाहीत, तंबू नाहीत, बाजारबुणगे नाहीत. संध्याकाळी पुढचे लोक चुली पेटवून बसलेत आणि मागचे अजून धूळ खात चालतायत असं चित्र असतं. रोमन सैनिकांना उन्हाळ्याच्या ५ तासांत २० रोमन मैल, म्हणजे ३० किमीच्या आसपास चालायची सवय लावायचे, पण ती कवायत झाली. लवाजम्यासकट मोठी फौज रोजची १५ ते २० किमी गेली तरी खूप, वर दर पाच-सहा दिवसांनी एक अख्खा दिवस मुक्काम हवाच, नाहीतर बैल बसतात.

आणि दाणापाणी विसरू नका. भाराच्या घोड्यावर शंभरेक किलो धान्य लादलं आणि वाटेत चारा नसेल तर तो दिवसाला नऊ-दहा किलो स्वतःच खातो. दहा-अकरा दिवसांत पाठीवर काही उरत नाही. म्हणजे तुमच्या वाळवंटातून फौज न्यायची असेल तर आधी कोठारं भरायला लागतील. २० चा हिशोब धरला तर १२०० किमीला मुक्कामासकट सत्तरेक दिवस. सहा दिवस म्हणजे विमानाने आली फौज.

---

टपालखातं:

जासुदाचं मात्र इतकं वाईट नाहीये. १२०० किमी ४ दिवसांत म्हणजे रोजचे ३००. हा वेग माणसांनी गाठलेला आहे पण एका माणसाने नाही, टप्प्याटप्प्याने. अमेरिकेत १८६०-६१ मध्ये पोनी एक्स्प्रेस होती, सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो साधारण ३१०० किमी, टपाल दहाएक दिवसांत पोचायचं, दर पंधरा-वीस किमीवर नवा घोडा आणि शंभर-दीडशे किमीनंतर स्वारही नवा. घोडे थांबतात, थैली थांबत नाही.

याउलट हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने प्राचीन इराणच्या राजमार्गाचा हिशोब दिलाय, सार्डिस ते सुसा ४५० परसांग (तिकडचं अंतराचं माप), वाटेत १११ ठाणी, आणि पायी ९० दिवस. तुमच्या १२०० किमीवर दर २५ किमीला ठाणं धरलं तर ४८ ठाणी, प्रत्येकी दहा घोडे म्हटले तरी ४८० घोडे, त्यांची वैरण, मोतद्दार, नालबंद, आणि हे सगळं कुणीतरी करातून भरतंय. त्यात एक सबंध प्रकरण आहे खरं तर.

एक प्रश्न. तुमच्या जासुदाच्या घोड्याला नाव आहे का? असेल तर संपलं. एकाच घोड्यावर रोज ६०-७० किमी चार दिवस काढले तरी घोडा जायबंदी व्हायची वेळ येते.

---

धागाकर्ती:

घोड्याला नाव आहे.

आणि तो प्रकरण ११ मध्ये परत येतो. लोक रडावेत असा सीन आहे.

---

अक्षांश_रेखांश:

बर्फ आणि जंगलासाठी साम्राज्य फुगवू नका हो. एक अक्षांश म्हणजे १११ किमी. सपाटीवर उत्तरेला बर्फ आणि दक्षिणेला विषुववृत्तीय जंगल हवं असेल तर ४० एक अंशांचा फरक लागेल, म्हणजे साडेचार हजार किमी नुसतं उभं, त्याला ५० चं प्रमाणही पुरत नाही (तुमचा कागद उभा फक्त १४८५ किमी होतो). पण उंची हा त्यावर स्वस्तातला उपाय आहे. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं, तेव्हा चार-पाच हजार मीटरचे डोंगर ठेवा, माथ्यावर बर्फ, वाऱ्याकडच्या पायथ्याला जंगल आणि पलीकडच्या पर्जन्यछायेत वाळवंट. सगळं चारशे किमीत बसतं. अठरा भाषांची काळजी सोडाच, आपल्याकडे बारा कोसांवर बदलते म्हणतात.

डोंगर आले की मात्र दोरा पुरत नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये ढोबळ नियम दिलाय: दर ५ किमीला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या वाटेत १८०० मीटर चढायची खिंड असेल तर नकाशावर अर्धा सेंमी दिसेल पण चढायचेच तीन तास वाढले, पोर बरोबर असेल तर तो दिवस गेला म्हणून समजा.

---

रिकामा_कोनाडा:

मी वेगळंच म्हणतो, प्रमाण लिहूच नका. पॉइटिंगरचा नकाशा बघा, रोमन जगाचे रस्ते दाखवणारा, मध्ययुगातली प्रत व्हिएन्नात आहे. पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम ३४ सेंमी रुंद पट्टी. भूमध्य समुद्र चेपून चेपून ओढ्यासारखा झालाय, दिशा जवळपास निकालात काढल्यात, पण एका ठाण्यापासून पुढच्या ठाण्याचं अंतर मात्र आकड्यात लिहिलंय. प्रवाशाला तेवढंच हवं असतं. तुमच्या पात्रांनी किमी कधी पाहिलाय? ते "सात मजला" म्हणतील, मजल म्हणजे एका दिवसाची चाल. डोंगरात मजल लहान, मैदानात मोठी. झालं, कुणाच्या बापाला चूक काढता येणार नाही.

---

वाटसरू:

वाचकापुरतं ठीक आहे कोनाडाभाऊ, पण लेखिकेला स्वतःला तरी माहीत पाहिजे ना. नाहीतर प्रकरण २० मध्ये सात मजला नऊ होतात आणि कुणीतरी दोरा घेऊन बसतोच.

---

दप्तरी:

सगळे वेग जुळवण्याच्या मागे का लागलाय? वेगांमधली तफावत हीच तर गोष्ट असते.

पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे निघालेले होते. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या हे ज्या पत्रात होतं ते त्यांना २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाजवळ (आजचं विदिशा) मिळालं. मधले दहा दिवस हा माणूस संपलेल्या लढाईसाठी फौज घेऊन चालतोय. आणि जाताना भाऊंची फौज मार्चमध्ये निघून दिल्ली हातात आली २ ऑगस्ट १७६० ला, वाटेत नद्या पावसाळा लवाजमा सगळं आडवं आलं. फौजेला महिने, पत्राला दिवस.

तेव्हा प्रमाण की दिवस या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आधी गोष्टीतला न हलणारा आकडा शोधा. कुणाला काय उशिरा कळलंच पाहिजे? तो उशीर पकडा आणि तिथून उलटं मोजत प्रमाणाकडे या. तुमच्या बाबतीत जासुदाचे ४ दिवस न हलणारे आहेत का?

---

धागाकर्ती:

हो, ४ दिवस हलत नाहीत, त्यावर प्रकरण ५ उभं आहे.

बरं, काल रात्री बसून केलं ते सांगते. १ सेंमी = २५ किमी. कागद १०५० बाय ७४२ किमी झाला, समुद्रबिमुद्र धरून पावणेआठ लाख चौरस किमी, साधारण तुर्कस्तानाएवढा. साम्राज्य म्हणायला लाज वाटत नाही. बर्फ डोंगरावर नेलं, वाळवंट डोंगरामागे सरकवलं (खोडरबराने कागद एका जागी फाटलाय, तिथे आता सरोवर आहे).

रस्ता ६०० किमी. जासूद रोजचे १५०, म्हणजे ठाणी लागणारच, आणि म्हणजे घोडा पहिल्याच ठाण्यावर सोडावा लागतो. आधी वाईट वाटलं पण आता जासूद प्रकरण ११ मध्ये परत येताना घोड्याला तिथे घ्यायला जातो आणि घोडा त्याला ओळखत नाही असं केलंय, जास्त लागतं हे. फौज २० च्या हिशोबाने ३० दिवस अधिक सहा मुक्काम, ३६.

अडलंय ते नायिकेचं. पोराबरोबर रोजचे १५-१७ धरले तर तिलाही ३६ ते ४० दिवस लागतात. होडी करून द्यावी म्हटलं तर नदी निशाणगडाकडून राजधानीकडे वाहते, ती उलट जातेय, प्रवाहाविरुद्ध दोर लावून ओढत न्यायची होडी पायी चालण्याहून वेगवान नसते असं वाचलं. आता तिला फौजेच्या पुढे कशी काढू?

---

टपालखातं:

पुढे कशाला काढता? आकडे बघा तुमचेच. फौज ३६, ती ३६ ते ४०. बाजारबुणग्यांत घुसवा तिला. कुणाची बायको, कुणाचं पोर, हजारोंच्या गर्दीत कोण विचारतंय, आणि वाटेत फौजेचं संरक्षण फुकट. ज्यांच्यापासून पळतेय त्यांच्याच शेपटाला धरून चालतेय.

---

वाटसरू:

वा!! आणि शेपटीत आहे म्हणजे रोज अडीच तास उशिरा निघणार, रोज अंधारात पोचणार. कुणाला चेहरा दिसत नाही.

---

धागाकर्ती:

थांबा थांबा. प्रकरण ५ मध्ये जासूद निशाणगडावर जो हुकूम नेतो त्यात लिहिलंय की डोकं भादरलेलं सात वर्षांचं पोर दिसलं तर धरा. वेषांतर म्हणून तिनेच त्याचं डोकं भादरलेलं असतं ना. तो हुकूम चौथ्या दिवशी पोचतो. आणि पोर छत्तिसाव्या.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंमी वाढतात, म्हणजे दीड सेंमी झाले असतील. पहारेकरी बत्तीस दिवस प्रत्येक टकल्या पोराला धरून बसवतोय आणि हे त्याच्या समोरून निघून जातं.

मला सगळं परत लिहायला लागणार आहे, प्रकरण ६ ते १०. चालेल.

एकच विचारते, ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी सांगा, दीड सेंमीवर भांग पडतो का?

---

अक्षांश_रेखांश:

नाही पडत. विंचरलं तरी उभेच राहतात. हात फिरवला की मऊ लागतात, गवतासारखे.