मुलाचे उद्धट बोलणे: धाक कमी पडतो की आणखी काही?

प्रश्न (एक पालक, फोंडा)
आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात सकाळी दारात उंडे, म्हणजे पाव, घेऊन आलेल्या पोदेराला (पाववाल्याला) त्याने "अरे, कालचे उंडे कडक होते, आज नीट बघून दे" असे दरडावले. पोदेर माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मी मुलाला तिथल्या तिथे चपराक दिली. तो गप्प झाला. पण संध्याकाळी धाकट्या बहिणीने त्याची रंगपेटी घेतली, तेव्हा त्याने तिला तशीच चपराक देऊन माझेच शब्द ऐकवले. आजीच्या लाडांमुळे तो बिघडला, अशी माझी समजूत होती. आता मात्र काय चुकते आहे ते कळेनासे झाले आहे.

उत्तर (निवृत्त प्राथमिक शिक्षिका, डिचोली)
आपण स्वतः त्या पोदेराशी कसे बोलता, हे आधी आठवून पाहावे. 1961 साली अमेरिकेत अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने बालवाडीच्या वयाच्या मुलांना हवा भरलेल्या बाहुलीला मारणारी मोठी माणसे दाखवली, तेव्हा ती पाहिलेल्या अनेक मुलांनी बाहुलीला तसेच मारले आणि मोठ्यांच्या तोंडचे शब्दही उचलले. त्यांना कोणी शिकवले नव्हते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आली, तेव्हा आम्हा शिक्षकांपैकी कित्येकांना वर्ग हाताबाहेर जाईल असे वाटले होते, आणि खरे सांगायचे तर त्यांत मीही होते. छडी गेल्यावर मला माझाच आवाज खाली आणावा लागला. वर्गाचा आवाज त्यानंतर उतरला.

उत्तर (म्हापसा)
बाईंचा आदर राखून लिहितो. आम्ही वडिलांचा मार खाऊनच मोठे झालो आणि आमचे काही वाईट झाले नाही. नुसत्या प्रेमाने मुले डोक्यावर बसतात.

उत्तर (एक आई, वाळपई)
मार खाऊनही आपण चांगले निघालात, त्याचे श्रेय मारालाच का द्यावे? शिवाय प्रेम म्हणजे मोकळीक नव्हे. आमच्याकडे जेवणानंतर आपले ताट आपण उचलायचे, हा नियम माझ्या यजमानांनाही लागू आहे, म्हणूनच मुले कुरकुर न करता तो पाळतात. गणेश चवथीच्या आधी यजमान माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या सजावटीचे, सामान आणायला मुलांना रानात बरोबर नेतात; कांगले ही रानफळे तोडताना वेल ओरबाडू नये, दुसऱ्याच्या बागायतीतली सुपारी विचारल्याशिवाय घेऊ नये, हे त्यांनी कधी बसवून शिकवले नाही, वाटेत त्या घरी थांबून ते स्वतः विचारतात. मुलांबरोबर असा वेळ काढणे नोकरदारांना जड जाते हे मला मान्य आहे, परंतु रविवारची एक सकाळही पुष्कळ असते. आणि चपराक दिल्याबद्दल आपण मुलाची क्षमा मागितलीत का?

प्रश्नकर्ता
मागितली नव्हती, काल मागितली. पोदेराला मीही अरे-तुरेच करीत होतो, हे पत्नीने निदर्शनास आणून दिले, तेव्हा फार ओशाळलो. आज सकाळी मी "या काका, सहा उंडे द्या" म्हटले, तर ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मुलाचे बोलणे लगेच बदललेले नाही. बहिणीची क्षमा मागायलाही तो तयार नाही. ती त्याच्याकडून आग्रहाने मागवून घ्यावी, की थोडे थांबावे?