प्रति: घाबरवून उचकी जाते का?
या प्रश्नावर दोघांनी उचकी लागलेल्याला अचानक घाबरवण्याचा उपाय सुचवलाय. जेवत्या माणसावर कृपया तो करू नका, घास श्वासनलिकेत जायचा.

उचकी लागते तेव्हा छातीखालचा पडदा एकदम आकसतो, हवा आत ओढली जाते आणि स्वरयंत्राची फट फटकन बंद होते. तो ‘हिक्’ आवाज त्याचाच. भराभर जेवलं, वर सोडा प्यायला की हमखास. आमच्याकडे चमचाभर कोरडी साखर जिभेवर घेऊन गिळतात. आजी सोबत आठवण काढणाऱ्यांची नावंही घ्यायला लावते. नाव जुळेपर्यंत उचकी तशीही थांबलेली असते म्हणा! श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानेही बऱ्याचदा थांबते.

४८ तासांच्या वर गेली तर मात्र घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठा. अमेरिकेतल्या चार्ल्स ऑसबोर्नला १९२२ साली लागलेली उचकी १९९०पर्यंत चालली होती.